जुन्या नावाची बढती

घटस्फोटाचा निकाल हाती आल्यावर तक्रारताईंनी संगणक कक्षात जाऊन एक विनंती केली. कार्यालयीन मेलच्या पत्त्यात नवऱ्याचं आडनाव आहे, ते काढून स्वतःचं घालून द्यावं. विनंती दोन ओळींची होती, सोबत निकालाची प्रत होती, आणि ती करताना ताई कुणावरही रागावलेल्या नव्हत्या. इतकी सरळ विनंती त्या कार्यालयाकडे बऱ्याच वर्षांत आलेली नसल्यामुळे ती हाताळायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कार्यालय शहराच्या पाणीपुरवठ्याचं. नळ कोरडा पडला, पाणी गढूळ आलं किंवा नको त्या वेळी आलं, की लोक ज्या पत्त्यावर मेल पाठवत तो ताईंचा पत्ता. ताईंच्या उत्तराला वेळ लागे. कारण उत्तर लिहिण्याआधी त्या चौकशी करत. पंपगृहात फोन लावत, तिथला माणूस जेवायला गेला असेल तर त्याला जेवणावरून बोलत, व्हॉल्व्ह उघडून घेत, आणि मग तक्रार करणाऱ्याला ‘आलं का पाणी?’ एवढंच विचारत. त्यांचा आवाज मोठा होता आणि तोंड त्याहून मोठं होतं. पंपगृहातले लोक त्यांचा नंबर दिसला की फोन एकमेकांच्या हातात देत. ही कामाची पद्धत कुठल्या नियमात बसत नव्हती, पण ती बंद करण्याचाही नियम सापडत नव्हता. सगळं कार्यालय त्यांना तक्रारताईच म्हणे. त्यांच्या आडनावाशी कुणा माणसाचा संबंध उरला नव्हता. उरला होता तो फक्त संगणकाचा.

संगणक कक्षात मेलचं सगळं बघत ते मेलदादा. मदतीला तत्पर, स्वभावानं गरीब. एकच खोड होती: साधं काम साध्या रीतीनं करायचं म्हटलं की त्यांचं मन रमत नसे. ताईंचं नाव चार ठिकाणी होतं. जुन्या मेल सर्व्हरवर, नव्या मेल सर्व्हरवर, बैठकांच्या कॅलेंडरमध्ये आणि सामूहिक मेलच्या याद्यांमध्ये. जुना सर्व्हर बंद करायचं केव्हाच ठरलं होतं, पण तो बंद करण्याची फाईल त्याच सर्व्हरवर होती. चारही ठिकाणी हातानं नाव बदलायला मेलदादांना एक दुपार पुरली असती. पण रुबी नावाच्या संगणकभाषेवर त्यांचं फार दिवसांचं प्रेम होतं, घरी त्याबद्दल कुणी ऐकून घेत नसे, आणि ते प्रेम उघड करायला असं निमित्त पुन्हा मिळणार नव्हतं.

“ताई, हातानं केलं तर एकट्या तुमचं होईल,” ते म्हणाले. “मी अशी सोय करतो की पुढे कुणाचंही नाव एका कळीसरशी बदलेल.”

“माझं एकटीचं झालं तरी मला चालेल, दादा,” ताई म्हणाल्या.

हा त्यांचा विनय आहे असं मेलदादांना वाटलं, आणि ते कामाला लागले.

योजना मोठी सुबक होती. मधोमध एक लहानसा प्रोग्रॅम. त्याचं नाव ‘नामपालट’. त्याला स्वतःला कुठल्याच मेलव्यवस्थेतलं काही कळत नसे. अमुक नावाचं तमुक करा, एवढा हुकूम तो सोडी. प्रत्यक्ष काम करायचं ते प्लगिननी. प्लगिन म्हणजे जोडायचा तुकडा. ज्याला ज्या व्यवस्थेतलं कळतं त्यानं तेवढ्यापुरता तो लिहावा आणि ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकावा. नामपालट फोल्डर उघडी, आत जे दिसेल ते अक्षरक्रमानं चालवी, आणि ते कुणी टाकलं, का टाकलं, हे कधी विचारत नसे. मधल्या प्रोग्रॅमला अक्कल नसणं हाच या रचनेचा मोठा गुण आहे, असं मेलदादा समजावून सांगत. वरिष्ठांना ही रचना पुढे इतकी का आवडली, हे त्यावरून लक्षात यावं.

प्रत्यक्ष बदल न करता काय काय होईल ते नुसतं दाखवण्याचीही सोय होती. तिला त्यांनी ‘रंगीत तालीम’ म्हटलं. ताईंच्या नावाची तालीम झाली आणि पडद्यावर चारही ओळी हिरव्या आल्या. तिथेच त्यांनी पुढची कळ दाबली असती तर ताई त्या संध्याकाळी आपल्या नावानं घरी गेल्या असत्या. पण इतकं देखणं काम कुणी न बघता पार पडावं, हे मेलदादांच्या जिवावर आलं. कौतुकाचे दोन शब्द पदरात पडावेत म्हणून त्यांनी संचालकबाईंची वेळ मागितली. संचालकबाईंनी वेळ दिली, आणि त्याच बैठकीला सगळे विभागप्रमुखही बोलावून घेतले.

बैठकीत मेलदादा छान बोलले. संचालकबाईंना प्लगिन हा शब्द आवडला. त्यांनी तो दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला.

“म्हणजे प्रत्येक विभागाला यात आपापलं काही घालता येईल?” त्यांनी विचारलं.

“कितीही घालता येईल, मॅडम,” मेलदादा अभिमानानं म्हणाले.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत एवढं महाग पडलेलं वाक्य त्यांनी दुसरं उच्चारलेलं नाही.

विभागांना रुबी येत नव्हती. त्यांची अडचण होऊ नये म्हणून मेलदादांनी एक नमुना प्लगिन लिहून सर्वांना वाटला. त्यात फक्त अटी भरायच्या होत्या, आणि अटी भरण्यात त्या कार्यालयातला प्रत्येक माणूस तरबेज होता.

सुरुवात आस्थापना साहेबांनी केली. या गृहस्थांनी आयुष्यात कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. ते ‘बसवून बघू’ म्हणत, आणि मग ते कधी बसत नसे. ताईंच्या बाबतीत त्यांना खरोखरीची चिंता होती. सेवापुस्तक जुन्या नावाचं. नव्या नावाच्या व्यक्तीला तर आपण नेमलेलंच नाही, मग ती इमारतीत आली कशी, असा त्यांचा प्रश्न होता. त्यावर त्यांनी स्वतःच तोडगा काढला. त्यांचा प्लगिन नव्या नावाची रीतसर नेमणूक करी, पासवर्ड त्या नावाच्या हवाली करी, आणि नेमणूक नवी असल्यामुळे तिला वर्षभर परिविक्षेवर, म्हणजे कच्च्या नोकरीवर, ठेवी.

कायदा विभागाचं म्हणणं वेगळं होतं. जुन्या नावानं नागरिकांना आजवर असंख्य उत्तरं गेलेली आहेत. उद्या कोर्टानं त्या नावाला हजर करा म्हटलं तर काय उत्तर देणार? त्यांच्या प्लगिननं जुनं नाव पुसायला मनाई केली. सुरक्षा विभागाला भीती होती की अशानं कुणीही उठून कुणाचंही नाव घेऊन बसेल. म्हणून त्यांचा प्लगिन जुन्या नावाच्या पत्त्यावर मेल पाठवून त्याची संमती विचारी. उत्तर आलंच नाही तर ते नाव मृत समजून मिटवायचं. उत्तर आलं आणि त्यात ‘संमती आहे’ हे शब्द नसले, तर ते नाव ही हयात आणि स्वतंत्र मताची व्यक्ती समजायची. जनसंपर्क विभाग सर्वांत कनवाळू निघाला. या सगळ्या धामधुमीत जुन्या पत्त्यावर लिहिणारे नागरिक ताटकळू नयेत, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या प्लगिननं त्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मेलला आपोआप जाणारं एक उत्तर बसवलं: ‘आपल्या संदेशाची नोंद घेण्यात आली आहे. योग्य ती कार्यवाही लवकरच होईल. आपली नम्र’, आणि खाली ताईंचं जुनं नाव.

मग क्रमावरून जुंपली. अक्षरक्रमात ज्याचा प्लगिन आधी येई त्याचा अंमल आधी चाले, हे आस्थापना साहेबांना कुठून तरी कळलं आणि त्यांच्या फाईलच्या नावापुढे एक ‘अ’ आला. जनसंपर्कानं दोन ‘अ’ लावले. आस्थापनेनं तीन. कायदा विभागानं या प्रकाराला हरकत घेतली आणि हरकतीच्या मसुद्यासोबत चार ‘अ’ जोडले. आठवडाभर ‘अ’ची ही चढाओढ चालली, तेव्हा संचालकबाईंनी आपल्या अधिकारात आस्थापनेला सर्वांत जास्त ‘अ’ मंजूर केले.

प्रत्यक्ष बदलाच्या सकाळी मेलदादांनी ताईंना बोलावून घेतलं. ताई हातात चहाचा कप घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. मेलदादांनी कळ दाबली. आस्थापनेच्या प्लगिननं नवं नाव नेमलं आणि पासवर्ड त्याला दिला. कायद्याच्या प्लगिननं जुनं नाव जपून ठेवलं. जनसंपर्काचं उत्तर जागेवर बसलं. सुरक्षेच्या प्लगिननं जुन्या नावाकडे संमती मागितली, आणि त्याच क्षणी जुन्या नावाकडून नम्र उत्तर आलं की आपल्या संदेशाची नोंद घेण्यात आली आहे. जुनं नाव हयात आहे आणि त्याला स्वतःचं मत आहे, असं सुरक्षेच्या प्लगिनला त्यावरून सिद्ध झालेलं दिसलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत निकाल उमटला: ‘नामपालट यशस्वी. पूर्वीचे कर्मचारी: एक. आताचे कर्मचारी: दोन.’

ताईंनी तो दोनदा वाचला. “यातली मी कुठली?”

“दुसरी,” मेलदादा म्हणाले.

“मग पहिली कोण?”

मेलदादांनी चष्मा काढून पुसला आणि बघावं लागेल असं सांगितलं.

त्यांनी खरंच बघितलं. नामपालटमध्ये ‘मागे फिरा’ असाही एक हुकूम होता, पण मागे कसं फिरायचं हे प्रत्येक प्लगिननं आपापलं सांगायचं होतं. चार ठिकाणांसाठी मेलदादांनी स्वतः लिहिलेल्या चार प्लगिननी ते नीट सांगितलं होतं. इतर विभागांनी ती जागा कोरी सोडली होती. एकदा पुढे गेलेला विभाग मागे का येईल, हेच त्यांना कळलं नव्हतं. अपवाद फक्त आस्थापना साहेबांचा. त्यांनी तिथे ‘सेवेतून कमी करावे’ असं लिहून ठेवलं होतं, आणि दोघींपैकी कुणाला ते लिहायचं राहिलं होतं. मेलदादांनी हात आखडता घेतला.

इकडे कार्यालयानं दुसऱ्या कर्मचाऱ्याचं मनापासून स्वागत केलं. भरती कित्येक वर्षं बंद होती, आणि माणूस न घेता जागा भरली गेल्याचं समाधान आस्थापना साहेबांच्या चेहऱ्यावर लपत नव्हतं. प्रश्न खुर्चीचा आला. तक्रार विभागात टेबल एक आणि खुर्ची एक. ज्येष्ठता जुन्या नावाची. त्यामुळे खुर्ची त्याची झाली आणि ताईंना प्रिंटरशेजारी एक स्टूल मिळालं. रिकाम्या खुर्चीवर ताईंनी एकदा पर्स ठेवली, तर ती उचलायला सांगण्यात आलं.

लोकांचे मेल अर्थातच जुन्या पत्त्यावर येत राहिले. त्यांना डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर जाई. उत्तराखाली पाच तारे होते. समाधान झालं असेल तितके तारे नागरिकांनी दाबायचे. तारे येऊ लागले. ताईंच्या काळात तारे कमी पडत, कारण ज्याला पाणी मिळे तो भांडी भरायला धावे आणि तारे दाबायचे विसरे. आता हात मोकळे होते. शिवाय हजेरीच्या यंत्रालाही कुणीतरी प्लगिन जोडला होता: जो उत्तर देतो तो हजर. जुनं नाव रविवारीही हजर होतं. त्यानं रजा घेतली नाही, चहाला उठलं नाही, पंपगृहातल्या कुणाला जेवणावरून बोललं नाही. ताई मात्र स्टुलावर बसून, लोकांनी चुकून फोनवर केलेल्या तक्रारी निस्तरत असत आणि त्यासाठी पूर्वीइतकाच वेळ लावत. त्यांना संथपणाबद्दल ज्ञापन, म्हणजे लेखी समज, मिळालं. त्यात सहकाऱ्याचा आदर्श ठेवण्याची सूचना होती.

सहामाही आढाव्यात संचालकबाईंनी तो तक्ता वर धरून दाखवला. अशी कामगिरी आपण आजवर पाहिलेली नाही, असं त्या म्हणाल्या, आणि यात त्यांच्याकडून कसलीही अतिशयोक्ती झाली नव्हती. जुन्या नावाला बढती मिळाली. ते तक्रार निवारण प्रमुख झालं. त्याला काचेची केबिन मिळाली, दारावर पाटी लागली, आणि शिपाई रोज सकाळी आत दिवा लावून कुंडीला पाणी घालू लागला.

संगणक कक्षातून मेलदादांना ती पाटी दिसे. ते बसण्याची दिशा बदलून भिंतीकडे तोंड करून बसू लागले.

ताईंच्या पूर्वीच्या नवऱ्याला ही बातमी कुठून कळली देव जाणे. त्यानं आवर्जून फोन केला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे प्रिंटर बघायला आलेल्या मेलदादांनीही ऐकला.

“बाकी काहीही असो,” तो समाधानानं म्हणाला, “आमच्या आडनावानं शेवटी नाव काढलं.”

ताई पोट धरून हसल्या. इतक्या की प्रिंटरजवळची माणसं बघायला लागली. मग त्यांचं हसू थांबलं, आणि बराच वेळ त्या स्टुलावर तशाच बसून राहिल्या. मेलदादांना त्या हसण्याचं काही वाटलं नव्हतं. हे बसणं मात्र त्यांना बघवेना.

रजेचं प्रकरण त्यानंतरचं. आईला डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून ताईंनी एक दिवसाची रजा मागितली. नियमाप्रमाणे अर्ज विभागप्रमुखांकडे, म्हणजे केबिनमधल्या नावाकडे गेला. लगेच उत्तर आलं: नोंद घेण्यात आली आहे, योग्य ती कार्यवाही लवकरच होईल. रजा मंजूर नाही आणि नामंजूरही नाही. ताईंनी पुन्हा लिहिलं, पुन्हा नोंद घेतली गेली. आस्थापना साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, तुमच्या मॅडम तत्पर आहेत, त्या घाई करून नको म्हणणार नाहीत. अखेर ताई न सांगता गेल्या. परत आल्यावर आणखी एक ज्ञापन वाट बघत होतं.

त्या दिवशी मेलदादा जिन्याच्या वळणावर ताईंना गाठून म्हणाले, “ताई, जुन्या नावाचा पासवर्ड मी तुम्हाला काढून देतो. उद्यापासून सरळ केबिनमध्ये जाऊन बसा. माणूस तुम्हीच, काम तुमचंच. फक्त नाव तेवढं...”

ताईंनी विचार केला नाही असं नाही. केबिनमधून पंपगृहाला फोन लावला असता तर तिथला माणूस उभं राहून बोलला असता, हे त्यांना दिसत होतं.

“दादा, ते नाव टाकण्यासाठी मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या,” त्या शेवटी म्हणाल्या. “त्याला खुर्ची मिळाली म्हणून मी परत त्यात जाऊन बसू? नाही जमणार मला.” मग त्यांनी विचारलं, “त्या बाईला एक दिवस गप्प बसवता येईल तुम्हाला? एकच दिवस. तिच्याकडे येतं ते सगळं माझ्याकडे वळवा.”

मेलदादांना येत होतं. त्यांनी जनसंपर्काच्या प्लगिनच्या फाईलचं नाव बदललं, तेव्हा तो नामपालटला दिसेनासा झाला, आपोआप जाणारं उत्तर थांबलं आणि येणारे मेल ताईंकडे वळले. नाव बदलण्याचं एवढं एकच काम या सगळ्या प्रकरणात पहिल्या झटक्यात झालं.

दुसऱ्या दिवशी ताई कार्यालय उघडायच्या आधीच येऊन थांबल्या होत्या. कोरड्या नळांच्या तक्रारींचा ढीग पडला होता. महिनोन् महिने ज्यांची नुसती नोंद घेतली गेली होती ते लोक सवयीनं रोज लिहीत होते. ताईंनी स्टूल फोनजवळ ओढलं. पंपगृहात फोन घेणारा म्हणाला की अहो तुम्ही कुठे होतात इतके दिवस, आम्हाला वाटलं शहरात सगळं ठीक चाललंय. एका व्हॉल्व्हची चावी रजेवरच्या माणसाच्या खिशात होती. ताईंनी त्याला त्याच्या सासुरवाडीत फोन करून उठवलं. दुसरीकडे रस्ता खणणाऱ्यांनी नळ तोडून वर डांबर घातलं होतं. तिथे त्यांनी माणसं पाठवली आणि डांबर उखडायला लावलं. त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जात होता. मेलदादा मधूनमधून पाण्याचा ग्लास आणून ठेवत होते. दुपार टळेपर्यंत गल्ल्यामागून गल्ल्यांना पाणी सुटलं. जिथे हंगामभर नळातून नुसती हवा येत होती तिथे मोऱ्या वाहू लागल्या.

मग ताईंनी आपल्या जुन्या पद्धतीनं एकेकाला फोन करून विचारायला सुरुवात केली. पहिला फोन एका आजोबांना लागला. ते रोज न चुकता तक्रार करणाऱ्यांपैकी होते.

“आजोबा, पाणी आलं का?”

“आलंय की. सकाळपासून धो धो चाललंय.”

“मग झालं तर.”

“पाण्याचं झालं हो,” आजोबा काळजीच्या सुरात म्हणाले, “पण उत्तर नाही आलं. त्या दुसऱ्या बाई रोज लगेच कळवतात. इतक्या नम्र बाई आहेत. आज काय झालं त्यांना? बऱ्या आहेत ना?”

ताईंनी बऱ्या आहेत म्हणून सांगितलं. पुढच्या फोनवरही तेच ऐकलं, त्याच्या पुढच्याही. एका गृहिणीनं तर फटकारलंच: पाणी सोडलंत ते सोडलंत, पण आधी नोंद घ्यायची काही पद्धत असते की नाही. संध्याकाळी ताईंनी फोन खाली ठेवला तेव्हा शहरात पाणी होतं आणि कार्यालयात, ‘उत्तर मिळाले नाही’ अशा तक्रारींचा पूर आलेला होता.

चौकशी बसली. संचालकबाईंनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या.

“पाण्याबद्दल नागरिकांकडून चांगलं वा वाईट काहीही आलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे पाण्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते उत्तराबद्दल.”

याच्यात खोट काढायला मेलदादांना काही सापडेना. परिविक्षेवरील कर्मचाऱ्यानं विभागप्रमुखांना डावलून, पूर्वपरवानगीशिवाय पाणी सोडलं, असा ठपका ठेवण्यात आला. सेवा संपवण्याआधी विभागप्रमुखांचं मत घेणं आवश्यक होतं. ते घेण्यात आलं. त्यांनी नोंद घेतली असून योग्य ती कार्यवाही लवकरच होईल असं कळवलं, आणि ही संमतीच आहे असं आस्थापना साहेबांनी बसवून दाखवलं. त्यांनी बसवलेलं पहिल्यांदाच काही बसलं. पण उत्तर परत सुरू केल्याशिवाय हे मत घेता येणार नव्हतं, म्हणून त्याआधी मेलदादांना फाईलचं नाव पूर्ववत करायला सांगितलं गेलं होतं. त्यांनी ते केलं होतं. करताना आपण काय करतो आहोत हे त्यांना नीट कळत होतं. हात मात्र थांबला नाही.

निघताना ताई संगणक कक्षाच्या दारात आल्या. मेलदादा खुर्चीतून उठले.

“त्या बाईला जपा, दादा,” ताई म्हणाल्या. “सगळं कार्यालय तिच्यावर उभं आहे.”

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मेलदादांना बरं वाटलं असतं.

ताईंना पुढे पंप दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा दुकानात काम मिळालं. पहिल्या दिवशी मालकाच्या मुलीनं त्यांना नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, तिनं ते टाईप केलं आणि मेलचा पत्ता तयार झाला. ताई आणखी कुणी काही विचारेल म्हणून जरा वेळ उभ्या राहिल्या. मुलीनं त्यांना बसायला सांगितलं.

मेलदादांचा सत्कार झाला. नामपालट इतर कार्यालयांनीही मागवून घेतलं. ते त्यांना जाऊन शिकवून येतात. हल्ली दर कार्यालयात एक-दोन माणसं आपलं नाव जुन्या पत्त्यावर ठेवून निघून गेलेली असतात आणि त्यांच्या मागे त्यांची बढती चालू असते. फोल्डरमध्ये अजूनही कुणीही काहीही टाकू शकतो. मेलदादांनी त्याला कुलूप घालायचा प्रस्ताव दिला होता, त्याची नोंद घेण्यात आलेली आहे.

गेल्या महिन्यात शहरातला सर्वांत नागरिकस्नेही अधिकारी निवडण्यासाठी मतदान झालं. काचेच्या केबिनमधल्या त्या नावाच्या आसपासही कुणी पोचलं नाही. निकाल जाहीर झाल्यावर नेहमीप्रमाणे कुरबूर झाली: हे सगळं वरच्या वर ठरतं, मतं खोटी असतात, सामान्य माणसाला कोण विचारतो. म्हणून मेलदादांना मतं तपासायला बसवलं. त्यांनी ती एकेक करून तपासली. मतं खरी होती. खऱ्या माणसांनी, आपल्या खऱ्या नावानं, कुणी न सांगता दिलेली. तुमचंही त्यात होतं. तुम्हाला ते आठवत नसेल, कारण ते तुम्ही मोरीत रिकाम्या बादलीशेजारी उभं राहून, मोबाईलवर अंगठ्यानं, हसतमुखानं दिलं होतं.